सोडलेला माल

सातिवलीच्या गोदामातून प्लास्टिकच्या बादल्या आणि टब भरून वॉल्टरचा ट्रक तयार झाला. नागपूरचं भाडं होतं. हमालांनी शेवटचा गठ्ठा वर फेकला, तशी वॉल्टरने सवयीने ताडपत्री ओढली, दोर टाकला आणि चारही बाजूंनी आवळून बांधला. तिथेच तो चुकला.

सातिवलीत रीत अशी, की गाडीवाल्याने दोर आवळला म्हणजे भाडं त्याला कबूल आहे. नंतर कुरकुर करून माल उतरवायचा, तर हमाली त्याच्याच खिशातून. म्हणून जुने गाडीवाले दलालाने आगाऊ रक्कम हातावर ठेवल्याशिवाय ताडपत्रीला हात लावत नाहीत. वॉल्टरही एरवी लावत नसे. पण वारा सुटला होता, हलके गठ्ठे वर डोलत होते, आणि सुटा माल बघितला की त्याचे हात थांबत नसत.

दलाल गुरुदत्तने आपल्या ऑफिसच्या काचेतून ते पाहिलं असणार, कारण त्याच मिनिटाला त्याने वॉल्टरला आत बोलावलं.

"या, या वॉल्टरभाऊ. बसा. वहिनींचा गुडघा कसा आहे?"

"चालतोय."

"तेल लावायला सांगा. आमच्या आईला मी रोज स्वतः चोळतो." गुरुदत्तने चहाचा कप पुढे सरकवला, बिस्किटाचे कण पोटावरून झटकले आणि त्याच गोड आवाजात म्हणाला, "एक लहानसा घोळ झालाय. पार्टीने हात आखडता घेतलाय. आपलं ठरलं होतं त्यात तीन हजार कमी धरा."

वॉल्टरने कप खाली ठेवला. "सकाळी फोनवर तुम्हीच आकडा सांगितला."

"सकाळची गोष्ट सकाळी."

"गुरुदत्तशेठ, डिझेल कुठे गेलंय? जाताना पूर्ण, येताना रिकामा आलो तर तेही माझंच. टोल माझा. टायर माझे. वर तीन हजार सोडले तर तुमचा माल मी माझ्या पैशाने नागपूरला पोचवतोय."

"डिझेलचं मला सांगता? माझ्या गाडीत काय उसाचा रस घालतो मी?" बाहेर त्याची नवी पांढरी गाडी उभी होती. तिच्याकडे बघून तो स्वतःच हसला. "आणि आता दोर बांधलाय तुम्ही. मी बांधा म्हटलं होतं का?"

"मग मागच्या दोन फेऱ्यांची बाकी तरी द्या. पुढच्या आठवड्यात गाडीचा विमा भरायचाय. नाही भरला तर गाडी उभी राहील."

"देणार ना! एवढी फेरी मारून या, सगळं एकदम करू."

बाकी अडकवून ठेवणं हा या धंद्यातला मुख्य डाव. माल पोचल्यावर भाड्याचा उरलेला भाग मिळायचा असतो. दलाल तो देत नाही, पुढची फेरी दाखवतो. त्या फेरीची बाकी तिसऱ्या फेरीवर. बैलाच्या तोंडापुढे पेंढी धरून त्याला घाण्याभोवती फिरवावं, तसा गाडीवाला फिरत राहतो आणि त्याला वाटतं की आपण धंदा करतोय.

गुरुदत्तने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो ओलसर, गरम हात शर्टातून जाणवला आणि वॉल्टरला किळस आली. चहावर साय धरली होती. तो कप तसाच टाकून बाहेर आला.

बाहेर त्याची बायको रोझमेरी स्कूटरवरून नुकतीच पोचली होती. लांबची फेरी असली की ती भुईगावच्या घरून डबा घेऊन यायची.

"चेहरा असा का? परत काहीतरी कापलं ना त्या मेल्याने?"

वॉल्टरने सांगितलं. ते बोलत असतानाच ऋतिका हातात पाण्याची बाटली घेऊन गोदामातून बाहेर आली. ऋतिका कंपनीत माल पाठवण्याचं काम बघायची.

"वॉल्टर अंकल, अजून निघाला नाहीत? गाडी संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला हवी हं."

"तुमच्या कंपनीने भाडं कमी केलं, मग पाय उचलत नाही माझा."

"कमी?" ती गोंधळली. "उलट गेल्या महिन्यात वाढवलं आम्ही. डिझेल वाढलं म्हणून. गुरुदत्तसर स्वतः आले होते. ड्रायव्हर लोकांचे हाल बघवत नाहीत, त्यांच्या मुलाबाळांचा, घरच्या दुखण्यांचा विचार करा, असं काय काय बोलले. आमच्या मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

रोझमेरी मोठ्याने हसली. ते हसणं ऐकून ऋतिका अवघडली. "मी काही चुकीचं बोलले का? पण थेट तुम्हाला भाडं देणं माझ्या हातात नाही हं, अंकल," एवढं म्हणून ती आत गेली.

तीन हजारांचं वॉल्टरला एवढं वाटलं नसतं. लुबाडणारे त्याने खूप पाहिले होते. पण आपला घाम, आपली मुलं, आपल्या बायकोचा गुडघासुद्धा या माणसाने तिथे नेऊन विकला होता, आणि ते पैसे खिशात घालून वर आपल्यालाच कापत होता. तो रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकला. मग ट्रकवर चढला आणि त्याने दोर सोडायला सुरुवात केली.

"हमाल बोलवू नकोस," तो खाली रोझमेरीला म्हणाला. "मीच उतरवतो. बादल्याच तर आहेत."

"मी डबा द्यायला आले होते, बादल्या उचलायला नाही," असं म्हणत तिने पदर खोचला.

गठ्ठे एकेक करून गोदामाच्या फलाटावर जाऊ लागले. लाल, निळे, पोपटी. ट्रक स्टँडवरचे गाडीवाले पानटपरीजवळ गोळा झाले. त्यांच्यात दिनानाथ होता. भाड्याच्या रांगेत वॉल्टरच्या मागचा नंबर त्याचाच. वॉल्टरला त्याची काळजी नव्हती. स्टँडचा एक नियम सगळे पाळत: भाड्यावरून एखाद्याने गाडीतून सोडलेला माल त्या दिवशी दुसऱ्या कोणी उचलायचा नाही. दलालाला मग झक मारून भाव द्यावा लागे. मागच्या दिवाळीत दिनानाथने साबणाचा माल सोडला होता, तेव्हा वॉल्टरचा नंबर होता. घरी पैशांची नड असूनही वॉल्टर गाडी घेऊन चिंचोटीच्या नाक्यावर जाऊन उभा राहिला होता, समोर राहून मोह नको म्हणून.

गुरुदत्त पायऱ्यांवर आला. "वॉल्टरभाऊ, हे शोभतं का? वहिनींना कामाला लावलंत? अहो, गुडघा!"

"त्या गुडघ्याचे पैसे तुम्हाला मिळालेत," रोझमेरी म्हणाली. "मोजून घ्या."

टपरीवर हशा पिकला. दिनानाथही हसला. गुरुदत्त हसला नाही. तो दिनानाथकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला थोडं बाजूला घेऊन गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. दिनानाथच्या तीन फेऱ्यांची बाकी गुरुदत्तकडे अडकली होती.

दिनानाथने किल्ली काढली, ट्रक सुरू केला आणि मागे मागे घेत फलाटाला लावला. टपरीवर एकाने सुपारी कातरायला घेतली. दुसऱ्याला अचानक फोन आला.

हमालांनी गठ्ठे पुन्हा चढवले. दिनानाथ वॉल्टरकडे न बघता म्हणाला, "पोरीची फी आहे रे. तू समजून घे."

"समजलं."

"तसं नाही वॉल्टर. तू असतास तर..."

"मी होतो," वॉल्टर म्हणाला.

माल भरून झाल्यावर दिनानाथ ताडपत्री घेऊन वर चढला आणि तिथेच थांबला. त्याचा दोर मधोमध विरला होता. एक झटका दिला तर तुटला. नवीन घ्यायला त्याच्याकडे पैसे नसावेत. शेवटी तो वरूनच वॉल्टरला म्हणाला.

"दोर देतोस? परत आणून देईन."

रोझमेरीने नवऱ्याकडे पाहिलं. देऊ नकोस, असं तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. वॉल्टरने आपल्या रिकाम्या ट्रकमधून दोराचं वेटोळं काढलं आणि वर फेकलं. दिनानाथने झेललं.

"नागपूरहून आलो की लगेच..."

"नको," वॉल्टर म्हणाला. "तुझ्या हातून परत नको."

दिनानाथ दोर टाकू लागला. पायऱ्यांवरून गुरुदत्त हाक मारत होता, "चहा घेऊन जा दिनानाथभाऊ, गरम आहे!"

वॉल्टरने डबा सीटवर ठेवला. रोझमेरीची स्कूटर पुढे, मागून रिकामा ट्रक, अशी ती दोघं भुईगावकडे निघाली. रस्त्यातल्या खड्ड्यांत रिकाम्या ट्रकची फळी दर वेळी आदळत होती, आणि विम्याचे पैसे आता कुठून आणायचे, ते वॉल्टरला अजून सुचलं नव्हतं.