टाकून द्यायचं पाणी

"संपलं सगळं, काका," तपासणीच्या जेलचा पातळ तुकडा उजेडात धरून डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॉलममधून काहीच उतरलं नाही. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली."

जिथे प्रथिनाची निळी रेघ यायला हवी, तिथे जेल कोरं होतं. काका चष्मा पुसत उभे राहिले. तीस वर्षं ते या प्रयोगशाळेत कॉलम चालवत आले होते आणि उद्या, शनिवारी, निवृत्त होणार होते.

दवाखान्यातून कापलेले टॉन्सिल आणायचे, त्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, असं करत बाईंनी तो अर्क जमवला होता. त्या पेशींच्या अंगावरचं एकच प्रथिन त्यांना हवं होतं. कॉलमच्या काचेच्या नळीतल्या मण्यांवर नेमकं तेवढंच धरून ठेवणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. बाकीचा अर्क खाली गळून जातो. काल सगळंच गळून गेलं होतं.

"तोटी किती उघडली होतीत?"

"पूर्ण. तुम्ही जायच्या आत उरकावं म्हटलं."

"मग मण्यांनी धरायचं कधी? धावत्या गाडीत कोण चढणार, बाई?"

"आता बोलून काय उपयोग! गळलेलं पाणी तुम्हाला मीच फेकायला सांगितलं."

काका फ्रिजपाशी गेले आणि खालच्या कप्प्यातून एक बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. चिकटपट्टीवर वळणदार अक्षरांत कालची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'निकाल लागेपर्यंत टाकू नये.'

या सवयीपायी काकांची आयुष्यभर टिंगल झाली. प्रयोगशाळेत त्या कप्प्याला अडगळीची खोली म्हणत. आज सकाळी बायकोनेही बजावलं होतं, "निवृत्त होताना त्या बाटल्या घरी आणाल तर याद राखा. मला तुम्ही एकटे पुरे आहात."

बाईंना हसावं की रडावं कळेना. "म्हणजे तुम्ही माझं ऐकलं नाहीत!"

"नाही ऐकलं. सोमवारी तक्रार करा."

थंड खोलीत काकांनी कोपरावर रफू केलेला स्वेटर चढवला, कॉलम धुऊन घेतला आणि बाटलीतला तोच अर्क पुन्हा वरून सोडला. या वेळी थेंब थेंब. चार तास दोघं आळीपाळीने स्टुलावर बसून राहिले. नळीतलं पाणी मण्यांच्या खाली उतरू द्यायचं नव्हतं. मणी सुकले की सगळं मुसळ केरात. शेवटी अडकलेलं सोडवायला आम्ल ओतायची वेळ आली.

"खाली धरायच्या नळ्यांत आम्ल मारायचं द्रावण आधी घातलंत ना? नाहीतर प्रथिन हाती येऊन नासायचं."

"घातलं हो. तेवढी अक्कल आहे मला."

शनिवारी सकाळी जेलवर एकच रेघ उमटली, निळीशार. बाई टाळ्या वाजवत सुटल्या. काकांना इतकं बरं वाटलं, की निरोपाच्या भाषणांत कोण काय बोललं ते त्यांना आठवेना.

दुपारी त्यांनी आपला कप्पा रिकामा करायला घेतला. एकेक तारीख वाचायची, निकाल लागलाय ना ते आठवायचं, मग बाटली मोरीत ओतायची. अगदी मागे एक बाटली राहिली. ती त्यांची नव्हती. दुसऱ्यांदा गळलेलं पाणी त्यात होतं, आणि पट्टीवर बाईंचं घाईचं, वाकडंतिकडं अक्षर: 'टाकू नये.'

काकांनी बाटली होती तिथे ठेवली आणि फ्रिजचं दार लावलं.