भैयासाहेबांचा सैल अंगरखा

मी बोलतोय देवासच्या भैयासाहेबांच्या पोटातून, स्वादुपिंडातल्या एका पेशीतून. मी एक एन्झाइम. डोळ्यांना दिसत नाही, पण मला क्षणाची उसंत नाही.

माझं काम साधं. पेशीतलं जे प्रथिन नकोसं होतं, त्याला 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी लागते. एखादं अजून कामाचं असेल, तर मी ती चिठ्ठी सोलून काढतो नि त्याला वाचवतो. या कामाचा मला खरंच अभिमान होता.

मग ही पेशी बिघडली. भरमसाट वाढू लागली, आणि तिने माझ्यासारखे ढीगभर तयार केले. आता आम्ही भलत्याच प्रथिनाला वाचवतोय. ते पेशींना जागा सोडायला शिकवतं. त्यांना यकृताकडे जायचंय. मला सगळं कळतं, पण हात थांबत नाहीत. जीव नुसता कासावीस होतो.

घरात मात्र आनंद! भैयासाहेबांचं घराणं जुन्या दरबारातलं. दसऱ्याला पणजोबांचा अंगरखा घालून शमीपूजनाला जायचं, हा त्यांचा मान. गेल्या वर्षी पोटावर बंद जुळले नव्हते. यंदा गणपतीत घालून पाहिला, तर सहज जुळले.

"भिया, एकदम जवान दिसताय!" शेजारचे रघुजी म्हणाले.

भैयासाहेब खूश. पाठ दुखते ती देवीची टेकडी चढल्याने, जेवण जात नाही ते वयामुळे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्यांच्या पत्नी बकुळाबाईंनी तर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. अहो, दृष्ट कसली काढता, डॉक्टर गाठा! पण माझं ऐकतो कोण?

आज दसरा. पीथमपूरच्या औषध कारखान्यात नोकरीला असलेली त्यांची मुलगी कृतिका ड्यूटी आटोपून आली, तेव्हा बकुळाबाई बंद बांधत होत्या. गाठ आवळली तरी अंगरखा खांद्यावरून घसरत होता. पिन लावायला त्यांनी पाठीवरचं कापड धरलं, तर मूठ भरली. हात तिथेच थांबला.

"आई, ये अंगरखा तो गणपतीत बरोबर बसला होता ना?" कृतिका म्हणाली.

"गाडी काढ. इंदूरला डॉक्टरकडे जायचंय," बकुळाबाई तिला म्हणाल्या.

"अगं, आधी शमीपूजन! मान चुकेल," भैयासाहेब म्हणाले.

"चुकू दे," म्हणत बकुळाबाई बंद सोडू लागल्या. गाठ घट्ट बसली होती.

बकुळाबाई, गाठ सुटत नसेल तर कापून टाका. माझ्या शेजारची पेशी आत्ताच जागची हललीय. तुम्ही थांबू नका. माझे हात चालूच आहेत.