कांबेरच्या नावाचं कडवं

मित्रांनो, जरा जवळ या. मी एक जुना साझ आहे, लांब मानेचं तारांचं वाद्य, आणि माझ्या सात तारांपैकी दोनच उरल्यात, त्यामुळे मोठ्यानं बोलणं आता होत नाही. खरं सांगायचं तर बोलायचाच कंटाळा आलाय. पण एक गोष्ट छातीवर बसून राहिली आहे, तेवढी सांगतो आणि गप्प होतो.

सिवासच्या डोंगरातल्या एका खेड्यात कांबेर नावाच्या शाहिराच्या दारात तुतीचं झाड होतं. वीज पडून ते अर्धं जळलं. उरलेल्या खोडातून कांबेरनं मला कोरलं. अख्खा हिवाळा तो शेगडीपाशी बसून माझं पोट पोखरत होता. त्याची मुलगी दोंदू करवादायची, "बाबा, घरभर भुसा! रोट्यांतसुद्धा भुसा!" तो म्हणायचा, "खा गं, तुतीचाच आहे, गोड लागेल." माझे सुखाचे दिवस तेवढेच.

मग इस्तंबूलहून ओक्ताय आला. खांद्यापर्यंत केस, झुपकेदार मिशा, पाठीला गिटार. त्याचा 'दुतलुक' नावाचा बँड गावाकडची गाणी ड्रम आणि गिटारवर वाजवायचा. आमच्या भागात तोवर असलं काही कोणी ऐकलं नव्हतं. त्याला कांबेरचं तुतीचं गाणं हवं होतं. कांबेरनं गाणं दिलं आणि वर मलाही दिलं. म्हणाला, "पोरा, ढोल बडव, वीज लाव, काय वाटेल ते कर. शेवटचं कडवं तेवढं सोडू नकोस. त्यात माझं नाव आहे."

आमचे शाहीर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवतात. कांबेरला लिहिता येत नव्हतं, त्याची सही तीच. ओक्तायनं त्याचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवला आणि शब्द दिला.

शहरात माझ्या पोटाला भोक पाडलं, आत लोखंडी पट्टी बसवली, वायर लावून आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला जोडली. फार दुखलं. पण माझा आवाज पहिल्यांदा त्या खोक्यातून गडगडला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो.

तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. कंपनीचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "ओक्तायसाहेब, गाणं झकास आहे, पण लांबलंय. मधलं साझाचं वाजवणं काढा, नाहीतर शेवटचं कडवं काढा." ओक्तायनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यानं कडवं काढलं. मित्रांनो, माझ्या मिरवण्यापायी मला घडवणाऱ्याचं नाव गेलं.

तबकडी घराघरांत वाजली. आम्ही मिनीबसमधून गावोगाव हिंडलो. लोक मला हात लावायला धडपडायचे. वर्षभरानं सिवासला बायकांची मॅटिनी होती. भर दुपारी नुसत्या बायकाच बायका, मांडीवर लेकरं, हातात विणकाम, डब्यात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेला सारमा. तुतीचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि पहिल्या रांगेतली एक बाई उठली. ती दोंदू होती.

"संपलं? ओक्ताय, माझ्या बापाचं नाव कुठंय?"

टाळ्या थांबल्या.

"रेडिओवर गाणं लागणार म्हणून बाबांनी नवी टोपी घातली होती. सगळा गाव चहाखान्यात जमलेला. गाणं झालं आणि रेडिओवाला म्हणाला, कवी अज्ञात. बाबा म्हणाले, 'थांबा रे, अजून एक कडवं आहे.' मग हवामानाच्या बातम्या लागल्या. लोक आपापल्या पेल्यात बघत बसले. त्या दिवसापासून बाबा गायले नाहीत. बर्फ वितळायच्या आत गेले."

ओक्तायनं मला छातीशी ओढलं. "आत्ता गातो, ताई," म्हणून त्यानं माझ्या तारा छेडल्या, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. वर्षभर न गायलेलं कडवं त्याला आठवेना! मला येत होतं, पण माझ्यापाशी शब्द कुठले?

"ती वायर उपट आधी," दोंदू म्हणाली आणि स्वतःच गाऊ लागली. तिच्या गावच्या बायकांनी विणकाम खाली ठेवून साथ दिली. ओक्तायनं वायर उपटली आणि मला तसाच, विजेशिवाय वाजवला.

"कांबेर म्हणे, तुती वठली, पाने पडली दारात,
नाव एवढे राहू द्या रे, बाबांनो, या गाण्यात."

इतकं हळू आणि इतकं खरं मी पुन्हा कधी वाजलो नाही. ओक्ताय पुढे प्रत्येक कार्यक्रमात ते कडवं गायला. पण तबकडी होती तशीच राहिली आणि लोकांनी तबकडीवरचंच गाणं पाठ केलं. मग बँड मोडला, ओक्ताय म्हातारा झाला, गेला.

आता मी इस्तंबूलमध्ये एका काचेच्या कपाटात पडून आहे. पुढ्यात चिठ्ठी आहे: 'विजेवरचा साझ. दुतलुक बँडचा. घडवणारा अज्ञात.' रोज कोणी ना कोणी ती वाचतं, मान डोलावतं, पुढे जातं. मी ऐकून ऐकून थकलो आहे.

मला नव्या तारा नकोत, पॉलिश नको. जुनी गाणी तुम्ही हवी तशी वाजवा, त्यांना वीज लावा, त्यांच्यावर नाचा. फक्त शेवटचं कडवं होईपर्यंत उठू नका. आणि मित्रांनो, हा साझ कोणी केला असं कोणी विचारलं, तर ती चिठ्ठी वाचू नका. कांबेरनं केला म्हणून सांगा.