मंगळवार-शुक्रवार, पाच ते पावणेसहा

ताईंची चित्रं सापडली ती गाडीच्या सीटखाली, हवा भरायचा पंप शोधताना, आणि सापडली नेमकी त्यांच्या नवऱ्याला.

ताई एका लॅबमध्ये खोटे दात बनवायच्या. दंतवैद्याकडून पेशंटच्या तोंडाचा साचा यायचा, ताई त्यात प्लास्टर ओतायच्या, मेणाचा दात घडवायच्या, मग पोर्सिलेनचे थर बारीक ब्रशनं चढवायच्या. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. ताईंना विचारा. हिरडीपाशी पिवळसर, मध्ये करडा, टोकाला जरासा निळा, आणि चहा पिणाऱ्यांचा तर वेगळाच. सोळा वर्षं हे रंग जुळवून त्यांची नजर अशी झाली होती की कोणी हसलं तर हसू दिसायच्या आधी डावा सुळा दिसायचा. लॅबमध्ये सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू.

घरी नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची लेक. लेकीला सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे आणि तिच्या गालात कायम काहीतरी कोंबलेलं असे.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ताई खारूला पोहायच्या क्लासला नेत. क्लास पाच ते पावणेसहा. इमारतीमागे गाड्या लावायची जागा होती आणि तिच्यापलीकडे दगडाची बंद पडलेली खाण. खाणीत हिरवं पाणी साचलेलं, काठानं निलगिरीची रांग, मागे एक उघडीबोडकी टेकडी आणि तिच्या डोक्यावर विजेचा टॉवर. बाकीच्या आया आत काचेला नाक लावून बसत. ताई गाडीतच बसत. पॅड स्टिअरिंगला टेकवायचं, बाटलीच्या झाकणात पाणी घ्यायचं, रंगांची छोटी डबी मांडीवर ठेवायची. पंचेचाळीस मिनिटं, एक चित्र. बहुतेक फसायचीच. खाणीचा कडा साधला तर पाणी चिखल व्हायचं, पाणी साधलं तर आकाश वाळायच्या आत क्लास सुटायचा. दीड वर्ष हे चाललं होतं आणि ताईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आपलं काही सांगितलं की घर त्याचं काहीतरी करून ठेवतं, हे त्यांना संसारात चांगलं कळलं होतं.

आणि तसंच झालं.

"अगं, केवढी ही चित्रं!" नवरा पॅड छातीशी धरून स्वयंपाकघरात आला. त्याचे डोळे चक्क पाणावले होते. "एवढं सगळं एकटीनं केलंस? गाडीत बसून? आम्ही काय मेलो होतो?"

"अहो, सहज आपलं वेळ जायला..."

"सहज नाही हे. आई! इकडे ये."

सासूबाई चष्मा शोधून आल्या. त्यांनी एकेक चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "सूनबाई, मला सांगायचं तरी. माझ्या खिडकीतून किती छान दिसतं. मी काय तिथे नुसतीच बसते."

ताईंना त्या क्षणी भरून आलं, हे खोटं नाही. पण पॅड कधी एकदा परत हातात येतंय, असंही झालं.

नवरा शहराच्या बससेवेत वेळापत्रकं बनवायचा. कोणती बस कुठून कधी सुटेल, ड्रायव्हरनं जेवायचं कधी, हे ठरवण्यात त्याचा हातखंडा. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर रंगीत चौकटींचा कागद लागला. रविवार, सकाळी सात ते सव्वानऊ, हिरव्या रंगात: 'चित्र (अखंड)'.

"सव्वादोन तास!" तो म्हणाला. "पाऊण तासात काय होतं? आणि हे बघ, मंगळवार-शुक्रवार आता खारूला मी नेणार. मी शिफ्ट बदलून घेतली. तू लॅबमधून सरळ घरी यायचं आणि पाठ टेकायची."

"अहो, पण मंगळवार-शुक्रवार..."

"काही बोलू नकोस. इतकी वर्षं तूच मरतेयस."

तो इतका खूश होता की ताईंची जीभच उचलेना. इथेच त्या चुकल्या, हे त्यांना पुढे रोज वाटत राहिलं.

पहिल्या रविवारी सात वाजता ताई सासूबाईंच्या खिडकीत बसल्या. नवऱ्यानं सुताराकडून स्टँड करून आणला होता, तो कपाटाएवढा उंच. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि डिशचे अँटेना दिसत होते. सात वाजून दहा मिनिटांनी दार किलकिलं झालं.

"काही व्यत्यय नाही ना?" नवऱ्यानं कुजबुजत विचारलं.

"नाही."

साडेसातला चहा आला. पावणेआठला खारू आली, बाबांनी 'आईला काही हवंय का बघ' म्हणून पाठवलेली. आठला सासूबाई दारातून म्हणाल्या, "मी आत येत नाही हो, माझी गोळी फक्त उशीखाली राहिलीय." त्यांनी उशी उचलली, गादी उचलली, गोळी सापडली, मग चित्राकडे पाहून म्हणाल्या, "आज आकाशच काढतेयस का नुसतं?" साडेआठला नवरा पुन्हा आला. बाहेर सगळ्यांना त्यानं आवाज न करण्याची ताकीद दिली होती आणि ती दिल्याचं त्याला कळवायचं होतं.

सव्वानऊला कागदावर एक करडा पट्टा होता.

तिसऱ्या रविवारपर्यंत बातमी जिन्यानं खाली उतरली. खालच्या मजल्यावरच्या काकू नातवाचा फोटो घेऊन आल्या. "मागे एखादा डोंगर टाक, पुढे आमचा सोन्या. तुला काय, दहा मिनिटांचं काम." लॅबच्या मालकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. ताईंना वाटलं, जबड्याचा एखादा साचा चुकला. मालक म्हणाले, "ताई, वेटिंग रूमला दोन मोठी चित्रं द्या. शांत वाटणारी. सोफा मरून रंगाचा आहे, तेवढं सांभाळा." ताई परत आपल्या टेबलाशी आल्या, समोरच्या दाढेवर जरुरीपेक्षा जास्त पोर्सिलेन चढवलं आणि ते सगळं खरवडून पुन्हा सुरुवात केली.

मंगळवारी पाच वाजता त्या वेळापत्रकाप्रमाणे पाठ टेकून पडत. छताकडे बघत. आत्ता खाणीच्या कड्यावर ऊन तिरकं पडलं असेल, नेमका तो पिवळा, लॅबच्या शेडकार्डावरच्या ए-तीन नंबरच्या दातासारखा, आणि आपण इथे पंखा मोजतोय. एकदा नवऱ्याला त्या म्हणाल्यासुद्धा, "अहो, खारूला मीच नेत जाईन." तो म्हणाला, "तू ना, तुला आराम करायचीही सवय राहिली नाही." आणि त्यानं प्रेमानं त्यांच्या अंगावर चादर घातली.

पाचव्या रविवारी कहर झाला.

"आज सरप्राइज," नवरा म्हणाला. "खिडकीत तुझं मन रमत नाही, कळतं मला. आज सगळे खाणीवर जाऊ."

सगळे म्हणजे सगळे. नवरा, खारू, सासूबाई, त्यांची घडीची खुर्ची, दोन चटया, चहाचा थर्मास, उकडलेली अंडी, आणि खालच्या काकू, ज्यांनी आयुष्यात खाण पाहिली नव्हती. टपावर बांधलेला स्टँड. ताई गाडीच्या मागच्या सीटवर काकू आणि थर्मासच्या मध्ये बसल्या होत्या.

खाणीवर पोचल्यावर नवऱ्यानं स्टँड उभा केला, तोंड नेमकं सूर्याकडे. ताईंनी तो फिरवला. सासूबाईंनी खुर्ची मांडली ती निलगिरीच्या बरोबर समोर. "मी मध्ये येतेय का? येत असेन तर सांग, मी काय, कुठेही बसते." त्या हलल्या आणि टेकडीसमोर बसल्या. काकू खाणीच्या काठाशी गेल्या, म्हणून नवरा त्यांच्यामागे धावला. खारूनं पाण्यात दगड फेकला आणि पाण्यातली टेकडी फुटली. ताईंनी ब्रश बुडवला. मागून नवरा म्हणाला, "सुरुवात कुठून करतेस, आधी वरून की खालून?" काकू म्हणाल्या, "मला तर वाटतं आधी झाडं काढावीत." सासूबाई म्हणाल्या, "तिला करू दे गं तिचं तिचं. सूनबाई, अंडं खातेस?"

"नको मला अंडं!"

आवाज खाणीत जाऊन परत आला. काकूंच्या हातातला कप तिथेच थांबला.

"नको मला स्टँड. नको वेळापत्रक. कोणी विचारू नका, कोणी बघू नका, कोणी मला मदत करू नका! माझी पंचेचाळीस मिनिटं होती. फक्त पंचेचाळीस मिनिटं! तीसुद्धा तुम्ही सगळ्यांनी प्रेमानं खाऊन टाकलीत."

मग त्या जाऊन गाडीत बसल्या आणि दार लावून घेतलं. लाज वाटत होती. रागही जात नव्हता. बाहेर चटया गुंडाळल्या जात होत्या, आणि त्या इतक्या हळू गुंडाळल्या जात होत्या की त्याचाही त्यांना संताप आला.

घरी दोन दिवस कोणी मोठ्यानं बोललं नाही. सासूबाई खोलीत शिरतानाही "येऊ का?" विचारू लागल्या, स्वतःच्याच खोलीत. सोमवारी संध्याकाळी नवऱ्यानं फ्रिजवरचा कागद काढला, घडी घातली आणि टेबलाशी बसला.

"मला वाटलं, तुला वेळ देतोय मी," तो म्हणाला.

"दिलात ना. माझा काढून घेऊन दिलात."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके आनंदात होतात की मी बोललेच असते तर राक्षसीण ठरले असते."

त्यानं घडीच्या कडेवरून नख फिरवलं. "मंगळवार-शुक्रवार तू ने," तो म्हणाला. "शिफ्ट परत बदलतो. ज्याच्याशी बदलली तो शिव्या घालेल." मग जरा फुगूनच पुढे म्हणाला, "स्टँडचं काय करू?"

"कपडे वाळत घाला त्यावर."

मंगळवारी पाचला पाच कमी असताना ताईंनी गाडी नेहमीच्या जागी लावली. समोर खाण, कड्यावर ऊन. ताईंचा हात सीटखाली गेलासुद्धा. मागे खारू बसूनच होती.

"उतर की. उशीर होतोय."

"मला नाही जायचं."

"पोट दुखतंय का?"

"नाही. मला पोहायला आवडत नाही."

"कधीपासून?"

खारूनं विचार केला. "पहिल्यापासून. डोळे चुरचुरतात. कानात पाणी जातं. सर शिट्टी वाजवतात ना, मला तिचा राग येतो."

"दीड वर्ष!" ताई पुऱ्या मागे वळल्या. "दीड वर्ष मी तुला इथे आणतेय आणि तू आत्ता सांगतेस?"

"बाबांना मागच्या आठवड्यात सांगणार होते. पण त्यांनी शिफ्ट बदलली होती ना."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

खारू सीटच्या शिवणीतला धागा ओढत म्हणाली, "परत जाताना तू ओरडायची नाहीस. तेवढ्या दोन दिवशी."

ताईंच्या मनात आलं, या घरात कोणी सरळ बोलतच नाही का? जो तो दुसऱ्याच्या सुखासाठी मुकाट्यानं नाकातोंडात पाणी घेतोय. आणि त्या स्वतः? त्यांनी कोणाला काय सांगितलं होतं?

"बरं, मग बंद," त्या म्हणाल्या. "पोहणं बंद. आजपासून."

"मग तू चित्र कधी काढणार?"

"बघू."

"तरी आपण येऊ या ना इथे. मी मागे गोष्टीचं पुस्तक वाचते. घरी सांगू, पोहले म्हणून. टॉवेल नळाखाली भिजवू."

योजना इतकी तयार होती की ताईंना कळलं, ही आज केलेली नाही. हसू आलं तेही त्यांना नको होतं. त्यांनी फोन काढून नवऱ्याला लावला.

"अहो, खारूनं पोहणं सोडलंय. तिला ते कधीच आवडत नव्हतं. ते घरी आल्यावर बोलू. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही दोघी पाच ते पावणेसहा इथेच असणार. का म्हणून विचारायचं नाही, आणि घरी आल्यावर दाखव म्हणायचं नाही."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला.

"पावणेसहाला निघाल ना?" त्यानं विचारलं.

"निघू."

"बरं." मग, राहवलं नाहीच, "काही खायला वगैरे..."

"नको."

ताईंनी फोन पालथा ठेवला. दहा मिनिटं गेली होती. झाकणात पाणी ओतलं, आकाशाचा पातळ हात दिला, तो ओला असतानाच टेकडी उतरवली. मागे खारूनं बिस्किटाचा पुडा फोडला. कागद चुरचुरला. मग बिस्किटं. एक पाय सीटच्या पाठीवर आपटायला लागला.

"खारू, पाय."

पाय थांबला. तीन मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. टेकडीची कड आकाशात पसरली होती, पाण्याचा हिरवा नेहमीसारखा गढूळ. ताईंनी दात आवळून बारीक ब्रश घेतला आणि टेकडीच्या डोक्यावर उभ्या रेघा ओढल्या. खांद्यामागून बिस्किटाचा वास आला.

"आई, ते झाड आहे की टॉवर?"

"पुस्तक वाच."

"वाचतेय. नुसतं विचारलं."

टॉवर होता. ताईंनी मान तिरकी करून पाहिलं. खरंच कळत नव्हतं. घड्याळात पाच एकोणतीस झाले होते. "झाडच आहे," त्या वैतागून म्हणाल्या आणि ब्रश हिरव्यात बुडवला.