लग्नाच्या तारखेचा रकाना

"या रे चांदा, या रे सूर्या, मांडवदारी थांबा…" सायवनच्या एका लग्नात धवलेरीनं, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनं, हे गायलं तेव्हा श्रुतिका सात वर्षांची होती. वडील तिथं मास्तर. आवाज कानात राहिला. नवरीच्या मांडीवर तिचंच बाळ झोपलेलं होतं, ते मात्र ती विसरली.

आज डहाणू रोडला, वसतिगृहाच्या कार्यालयात, तिच्यासमोर सायवनचीच नवशी बसली होती. लेकीचा, योगिताचा, अर्ज पाचच्या आत गेला नाही तर आठवीची जागा जाणार. चार कधीच वाजून गेले होते.

पडद्यावरच्या अर्जात पालक 'विवाहित' म्हटलं की लग्नाच्या तारखेचा रकाना लाल होऊन अडे. 'अविवाहित' म्हटलं की मुलांचे रकानेच नाहीसे होत.

"टाक ना कुठलीपण तारीख," पलीकडून कारकून नविन म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"सोळा वरसां एका चुलीवर खातो मी नि पोरीचा बा, धाकल्या. लगीन व्हायचाय अजून. पोरीचा होईल तवा आमचापन उरकू." नवशी हसली. "धवलेरी आली नाय, तर तारीख कुठून आणू, बाय?"

"सकाळपासून ही तिसरी," नविन म्हणाला. "सायवनवाल्यांना फॉर्म भरता येत नाही."

श्रुतिका मान खाली घालून बसली होती. तिला ते मांडीवरचं बाळ आठवलं. मग ती नवशीकडे बघतच राहिली. एक खोटी तारीख, की लेकीचं वर्ष वाचलं. पण जो दिवस चांदसूर्याच्या साक्षीनं यायचाय, तो ही बाई उसना घेत नव्हती.

श्रुतिकानं लॅपटॉप ओढला आणि फॉर्मचा नियमच बदलायला घेतला. तारीख हवी, पण लग्न झालं असेल तरच. मुलांचे रकाने सगळ्यांना उघडे. नियम केवढा, दोन ओळींचा.

पुन्हा 'अविवाहित'. तारखेचा रकाना मिटला आणि खाली योगिताच्या नावाला जागा उघडली, मग वयाला, मग शाळेला. नवशीनं पडद्याला बोट लावलं. "आपल्यासाठी सरकला गं तो."

अर्ज गेला. पाचाला वीस कमी होते.

"मला नीट सांगता आला नाय," नवशी उठत म्हणाली. "तुला तरास."

"नाही, मावशी." श्रुतिकाही उठली. नविन ऐकतोय हे तिला दिसत होतं. "तुम्ही बरोबरच भरत होता. हा फॉर्म मी बनवलाय. सकाळी दोघी परत गेल्या तेव्हाच कळलं होतं मला, आणि मी गप्प बसले. चूक माझी."