पाचव्या लाल रेघेवरची जागा

मित्रांनो, बाकांवर बसून शिकणाऱ्या तुमच्यासारख्यांना माझी ओळख असायची नाही. मी तागाची जुनी बस्करपट्टी आहे. अंगावर लाल-हिरव्या रेघा आणि लांबी एवढी की दहा मुलं मांडी घालून बसावीत. सत्याऐंशी साली मीरा रोडच्या एका सरकारी शाळेत मी आले. सुचेताबाईंनी मला जमिनीवर अंथरलं आणि प्रत्येक मुलाला एकेक रेघ नेमून दिली. पुढे पाचवी लाल रेघ संघप्रियाला मिळाली. तिथे मला एक भोक होतं. पाढे म्हणताना ती त्यात बोट घालून ते मोठं करायची. मला दुखायचं, पण तिचा पाढा कधी चुकायचा नाही, म्हणून मी चालवून घेतलं.

बाईंचं शिकवणं फार गोड. अडचण एकच, त्या वर्गात कमी सापडायच्या. कधी निवडणूक, कधी मतदारयादी, कधी कसलीशी पाहणी. सरकारला माणसं लागली की पहिली आठवण बाईंची. एक्क्याण्णव साली जनगणना आली. ‘आठवड्यात येते,’ असं मुलांना सांगून बाई गेल्या आणि सिल्व्हर पार्कमधल्या इमारतींचे जिने चढत माणसं मोजत राहिल्या. एकाचे तीन आठवडे झाले. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दोन्ही वर्गांना गप्प बसवता बसवता थकले. मुलं एकेक करून यायची थांबली. बाई परतल्या तेव्हा पाचवी रेघ रिकामी होती.

“महिनाभर आली नाही की तिचं नाव पटावरून कमी करावं लागेल,” मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणाले.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला गुंडाळून काखेत मारलं आणि त्या निघाल्या. मी पहिल्यांदाच शाळेबाहेर पडले, तीही अशी, त्यामुळे रस्ता काही नीट दिसला नाही. एका अर्धवट बिल्डिंगखाली, वाळूच्या ढिगाशेजारी त्यांनी मला उलगडलं. संघप्रिया तिथेच होती, कडेवर दोन वर्षांच्या भावाला, सोनूला घेऊन. तिची आई तुळसाबाई डोक्यावरचं घमेलं उतरवून आली.

“तुमीच शाळंत नसता बाई, मग पोरीनं तिथं येऊन काय करायचं? घरी ऱ्हायली तर लेकराला तरी बघती.”

ते खरंच होतं. माझ्या कडेचा सुटलेला धागा बाईंनी बोटाभोवती गुंडाळला.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “मला पुन्हा पाठवतील, ते माझ्या हातात नाही. पण हिची जागा मी कुणाला देणार नाही. सोनूलाही घेऊन येऊ दे.”

“शाळा घाण करंल तो.”

“पट्टी धुता येते, तुळसाबाई.”

धुतली जाणारी मी, पण मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आली आणि दुपारपर्यंत सोनूने आपलं काम केलं. मोठे गुरुजी कुरकुरले. बाईंनी मला कुंपणावर वाळत घातलं. आतून संघप्रियाचा सातचा पाढा ऐकू येत होता. मी सुखावले.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये सोनू स्वतःच्या नावावर पहिलीत आला. त्याला सोडायला आता मोठी झालेली संघप्रिया आली होती. बाई नेमक्या मतदारयादीच्या कामाला गेलेल्या आणि अख्खी पहिली रडत होती. संघप्रियाने दाराकडे थोडा वेळ पाहिलं. मग चपला काढल्या, पाचव्या लाल रेघेवर बसली आणि ‘बे एके बे’ सुरू केलं. तिची स्वतःची शाळा दुपारची होती.

अकराच्या सुमारास बाई काही कागद न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“तू इथे कशी ग?”

“तुम्ही येईपर्यंत बसलेय, बाई.”

बाई तिच्याशेजारी माझ्यावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. पुढचा पाढा दोघींनी मिळून घेतला.

मित्रांनो, आता मला जागोजागी ठिगळं आहेत. मला झटका, ऊन दाखवा, मी अजून टिकेन. पाचव्या रेघेवरचं भोक मात्र शिवू नका. आणि कुणी मोठं माणूस भेटलं तर माझा एवढा निरोप द्या: मोजायला दुसऱ्या कुणालातरी पाठवा, आमच्या बाईंना वर्गात राहू द्या.