घडीत अडकलेले चेहरे

लुसियाँ व्हॅरोनं पॅरिसमध्ये चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, आणि तीही ऐऱ्यागैऱ्यांची नव्हेत. नावाजलेल्या चित्रकारांची, हातकागदावरची, मोजून पन्नास प्रती. मग प्रकाशक वारला, गिऱ्हाइकं आटली आणि म्हातारा न्यूयॉर्कला लेकीकडे आला. इथे चित्रकार आपली पुस्तकं आपणच काढत होते, ऑफसेट यंत्रावर, साध्या कागदावर, हजारांनी. लुसियाँनं नाक मुरडलं. पण रिकामं बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं, म्हणून एका छापखान्यात बांधणीला लागला.

चित्रकार डोरीन पाइकचं पुस्तक त्याच्या वाट्याला आलं. आपल्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर उभी राहणारी माणसं तिनं वर्षभर टिपली होती, एका पानावर एक चेहरा. शनिवारी दुपारी थांब्यासमोरच्या लाँड्रीत प्रकाशन होतं, आणि बोलावणं त्याच माणसांना होतं.

लुसियाँनं जीव ओतून शिवण घातली. छापलेले मोठे ताव दुमडून पानं होतात, त्या घड्यांच्या कडा मात्र कापल्या नाहीत. पॅरिसची रीतच ती, पानं सुरीनं उघडायचा मान पुस्तकाच्या मालकाचा. ही गोष्ट डोरीनला सांगावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

शनिवारी माणसं हौसेनं आली आणि आपापले चेहरे शोधू लागली. निम्मे चेहरे घडीच्या आत बंद. रोज सकाळच्या बसनं इस्पितळात जाणाऱ्या नर्स मिसेस ट्रुहियोंनी पुस्तक तीनदा चाळलं आणि गुपचूप खाली ठेवलं. आपल्याला वगळलं, असंच त्यांना वाटलं. डोरीन तडक लाँड्रीच्या कोपऱ्यात उभ्या लुसियाँकडे आली.

"कडा का नाही कापल्या?"

"त्या मालक कापतो."

"कुठला मालक, लुसियाँ? ही माणसं कपडे धुवायला येतात इथे!"

लुसियाँला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची वर्षाची मेहनत आपण मातीत घातली. सोमवारी छापखान्याला रामराम ठोकायचा, त्यानं ठरवून टाकलं. पण आधी लाँड्रीवाल्याकडून, पाहुण्यांच्या सँडविचसाठी आणलेली पाव कापायची सुरी मागितली, मिसेस ट्रुहियोंना थांबवलं आणि त्यांची प्रत मांडीवर घेऊन एकेक घडी उघडू लागला. सहाव्या घडीत बाई सापडल्या, गणवेशात, हा एवढा जबडा वासून जांभई देताना. त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. सँडविचमधल्या मोहरीच्या चटणीनं माखलेल्या बोटांनी पानं उलटत त्यांनी ते पुस्तक सगळ्या लाँड्रीला दाखवलं. मग बाकीचेही आपापल्या प्रती घेऊन लुसियाँपुढे रांगेत उभे राहिले.

पॅरिसची त्याची पुस्तकं काचेच्या कपाटांत जायची. कित्येकांच्या घड्या आजही तशाच बंद असतील. त्याचा हात थांबला.

डोरीनला वाटलं, आपलं बोलणं लागलं म्हाताऱ्याला. ती जवळ येऊन माफी मागू लागली.

"माफी कसली, पोरी? उपकार झाले तुझे," लुसियाँ म्हणाला. "चाळीस वर्षं पुस्तकं केली मी. ती वाचताना माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

त्यानं डोळे बाहीला पुसले आणि पुढची प्रत मागून घेतली.